मिनेसोटातून दक्षिणेकडे: कॅरी, फ्रिस्को, अल्फारेटा की टँपा? गाव कसं ठरवलंत?

गारठलेली
नमस्कार मंडळी. आम्ही गेली १९ वर्षं मिनेसोटात, ईडन प्रेअरीला. २०१९ च्या जानेवारीत पारा उणे २८ फॅरनहाइटला गेला होता तेव्हासुद्धा मी "आपल्याला सवय आहे" म्हणत होते. पण मागच्या फेब्रुवारीत नवरा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायला गेला आणि ड्राइव्हवेवरच्या ब्लॅक आइसवरून (डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर) असा आपटला की मनगटाचे दोन तुकडे. डबा मात्र गडगडत बरोब्बर जागेवर जाऊन उभा. त्या दिवशी ठरलं, पुरे.

दोघांच्या नोकऱ्या रिमोट. मुलगा आठवीत. सासूबाई ७६ वर्षांच्या, मूळच्या राजापूरच्या, ग्रीन कार्डवर सहा वर्षं आमच्याकडे आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल त्यांना अंगणात पाऊल टाकता येत नाही, शनिवार-रविवार मॉल ऑफ अमेरिकात फिरायला नेतो तेवढंच.

नवऱ्याने एक्सेल केलंय, २३ कॉलम आहेत (हसू नका). त्यातून उरलेली नावं शीर्षकात दिलीत (कॅरी नॉर्थ कॅरोलायनात, फ्रिस्को टेक्सासात डॅलसजवळ, अल्फारेटा जॉर्जियात अटलांटाजवळ, टँपा फ्लोरिडात). बजेट सहा लाख डॉलरपर्यंत. डिसेंबरच्या सुट्टीत आठवडाभर जाऊन दोन-तीन गावं बघायचा विचार आहे. आठवडाभरात गाव कळतं का? तुम्ही कसं ठरवलंत? आणि ठरवल्यावर काय कळलं जे आधी कुणी सांगितलं नव्हतं?

कोथिंबीरवडी
डिसेंबरात जाऊ नका. डिसेंबरात दक्षिणेतलं प्रत्येक गाव स्थळ बघायला आल्यासारखं नटलेलं असतं. ऑगस्टमध्ये जा.

टग्या_टेक्सासवाला
वडीताईंना अनुमोदन, पण तरी फ्रिस्कोलाच या.

मी २०११ पासून इथे आहे. २००० साली या गावात जेमतेम ३४ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत दोन लाख झाले, त्यामुळे इथे कुणीच "मूळचा" नाही आणि तुम्हाला पाहुण्यासारखं वाटत नाही. देशी दुकानं, कार्यसिद्धी हनुमानाचं मंदिर, मराठी शाळा, गणपतीत ढोलताशा पथक, सगळं गाडीने वीस मिनिटांत. २०१९ चं बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन डॅलसलाच झालं होतं. सासूबाई भारतात जाऊन-येऊन असतील तर डीएफडब्ल्यूहून (डॅलसच्या विमानतळावरून) एमिरेट्सने दुबई किंवा कतारने दोहा, एकच थांबा, व्हीलचेअर सांगून ठेवली की काम झालं.

आणि राज्याचा इन्कम टॅक्स शून्य! मिनेसोटात वरचा स्लॅब ९.८५ टक्के ना?

पोटमाळा
टग्याभाऊ, निम्मंच सांगितलंत. इन्कम टॅक्स शून्य, पण प्रॉपर्टी टॅक्स कोण सांगणार? फ्रिस्कोत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, आणि गावाबाहेरच्या नव्या सबडिव्हिजनमध्ये मड किंवा पिड (पाणी, रस्ते वगैरे सोयींसाठीचा जादा स्थानिक कर) नावाची भानगड असली की अडीचपर्यंत जातो. सहा लाखांच्या घरावर वर्षाला दहा हजार समजा. दर एप्रिलमध्ये अप्रेझलची, म्हणजे करासाठी ठरवलेल्या घराच्या किमतीची नोटीस येते आणि १५ मेच्या आत प्रोटेस्ट करायचा असतो, आमच्याकडे तो गुढीपाडव्यानंतरचा दुसरा सण आहे.

एक्सेलमध्ये टॅक्सचा कॉलम एकच असेल तर दोन करा.

वऱ्हाडी_ठेचा
मी अकोल्याचा, आता प्लेनोत. कुणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. इथली माती.

डॅलसच्या पट्ट्यात आपल्या वऱ्हाडासारखी काळी चिकण माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते आन् भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. आपल्याकडे त्यात कापूस लावतात, इथं त्यावर घर बांधतात. घर घेतल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात बेडरूमचं दार लागेना. मी सुताराला बोलावलं, त्यानं दाराकडे पाहिलंच नाही, भिंतीच्या कोपऱ्यातली तिरपी चीर पाहिली आन् म्हणाला दार ठीक आहे, घर खचलंय. फाउंडेशनखाली १४ पिलर मारावे लागले. आता उन्हाळाभर घराच्या चारी बाजूंनी झिरपणारा पाइप टाकून घराला पाणी देतो. बाबा आले होते तेव्हा म्हणे, "अबे, कपाशीले देत नोयतो एवढं पाणी."

घर बघताना दारं उघडून-लावून बघा. सगळी. कपाटाची पण.

झंपी
"घराला पाणी देतो" 😂😂 ठेचाभाऊ, घराला फुलं आली की फोटो टाका.

टग्या_टेक्सासवाला
ठीक आहे ठीक आहे, गारांचं पण सांगून टाकतो म्हणजे पोटमाळा खूश होतील. एप्रिल-मेमध्ये लिंबाएवढ्या गारा पडतात, छप्पर बदलावं लागतं, माझं १४ वर्षांत दोनदा बदललं. इन्शुरन्सचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायचा वाटा, हल्ली रकमेत नसतं, घराच्या किमतीच्या टक्क्यात असतं, ते सही करण्याआधी वाचा. तरीही मी इथून हलणार नाही.

पोटमाळा
आणि २०२१ चा फेब्रुवारी?

टग्या_टेक्सासवाला
त्यावर मी बोलत नाही.

पोटमाळा
मग मी बोलतो. टेक्सासची वीज-ग्रिड बाकीच्या देशापासून जवळजवळ तुटक आहे. फेब्रुवारी २०२१ ला थंडी आली, ४५ लाख घरांत वीज गेली, आमच्याकडे तीन दिवस नव्हती. घरात तापमान ४१ फॅरनहाइट. छतातला पाइप फुटला. आम्ही पाच जण गाडीत बसून हीटर लावून फोन चार्ज करत होतो, गाडी गॅरेजबाहेर काढून, हे महत्त्वाचं, कारण बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून माणसं दगावली होती. गारठलेली ताई, तुमचं मिनेसोटातलं घर उणे २८ ला जास्त उबदार असेल, कारण ते थंडीसाठी बांधलंय. इथली घरं उन्हासाठी बांधलेली.

गारठलेली
बापरे. नवऱ्याने "फाउंडेशन" नावाचा २४ वा कॉलम टाकला आत्ता.

मोगऱ्याचा_वेल
एक्सेलमध्ये सासूबाईंचा कॉलम आहे का?

गारठलेली
आहे हो! "वॉकेबिलिटी". सगळ्या गावांना दहापैकी चार दिलेत त्याने. दोन तास वेबसाइटी बघून.

ट्रँगलकर
कॅरीचा नंबर आला का? लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून इथे २०१४ ला आलो. नॉर्थ कॅरोलायनाचे जुने लोक कॅरीला गमतीत "उत्तरेतून आलेल्यांची छावणी" म्हणतात, स्पेलिंगवरून केलेला विनोद आहे (Containment Area for Relocated Yankees), आणि खरंय ते. मंडळी आली ती रिसर्च ट्रँगल पार्कमुळे. १९५९ साली रॅली, डरॅम, चॅपल हिल या तीन गावांतल्या विद्यापीठांच्या मधोमध पाइनच्या जंगलात हे पार्क काढलं. त्यामुळे नोकरी गेली तर गाव न सोडता दुसरी मिळायची शक्यता बरी. आज रिमोट आहात, उद्या मॅनेजर बदलला की काय, हे धरून चला.

प्रॉपर्टी टॅक्स एक टक्क्याच्या आत, सहा लाखांवर साधारण पाच हजार. इन्कम टॅक्स सपाट, २०२५ ला सव्वाचार टक्के, २०२६ पासून ३.९९. व्यंकटेश्वराचं मंदिर गावातच आहे, २०२२ ला ८७ फुटी गोपुर झालं. मॉरिसव्हिलच्या मैदानावर मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्या सीझनचे सामने झाले. ग्रीनवे म्हणजे झाडीतून जाणाऱ्या पायवाटा, त्या भरपूर, हे आजींच्या कॉलमात टाका.

आता जे कुणी सांगत नाही ते. मार्चअखेर ते एप्रिल पाइनचा परागधूर. धूर म्हणजे खरंच, पिवळा. गाडी, झुला, कुत्रा, सगळं हळदीत बुडवल्यासारखं. पहिल्या वर्षी माझ्या बायकोला वाटलं शेजाऱ्याकडे हळदीकुंकू आहे. दम्याचा त्रास असेल कुणाला तर आधी डॉक्टरांशी बोला.

दुसरं, क्रॉल स्पेस. इथे बऱ्याच घरांना बेसमेंट नसतं, जमिनीपासून तीन-चार फूट वर घर आणि खाली अंधारी पोकळी. तिथे दमटपणा, बुरशी, वाळवी. तुम्ही नाही जाणार खाली, पण इन्स्पेक्टरला पाठवा आणि फोटो मागा. वाळवीचा वार्षिक करार, इथे टरमाइट बाँड म्हणतात, तो कुणाकडे आहे विचारा.

तिसरं, शाळा. घराचा पत्ता शाळेच्या हद्दीत आहे म्हणून प्रवेश मिळेलच असं नाही, वेक काउंटीत (कॅरी याच काउंटीत येतं) काही शाळा भरल्या की "कॅप" करतात आणि मुलाला दुसरीकडे पाठवतात. काही शाळा वर्षभर चालतात, नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, चार ट्रॅकवर. मोठ्याचा एक ट्रॅक आणि धाकट्याची नेहमीची शाळा असं झालं तर घरातल्या सगळ्यांना एकत्र सुट्टी फक्त दिवाळीच्या झूम कॉलला.

झंपी
हळदीकुंकू 😂

पन्हं_वेलची_मारके
ट्रँगलकर काका, तुम्ही निसर्गाचं कौतुक केलंत आणि साप विसरलात. ग्रीनवेवर कॉपरहेड मी स्वतः दोन पाहिलेत. वाळलेल्या पानांवर दिसत नाही. आजींना संध्याकाळी बूट घालून, हातात टॉर्च.

ट्रँगलकर
राजापूरच्या आजींना सापाचं काय सांगता!

अपेक्षाभंग
आम्ही नॉर्थ कॅरोलायनातलंच ॲशव्हिल घेतलं होतं. "हवामानबदलात सुरक्षित" अशा यादीत असायचं ते, डोंगरात, समुद्रापासून पाच तास. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाचं पाणी आलं. आमचं घर उंचावर होतं म्हणून वाचलं, पण खालचा रस्ता, पूल, दुकानं गेली, आणि नळाला पिण्याजोगं पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला. ५३ दिवस. अंघोळीला मित्राकडे शार्लटला जायचो. दक्षिणेत "इथे काही होत नाही" असं गाव शोधू नका, काय होतं ते विचारा आणि त्यासाठी घर कुठल्या उंचीवर आहे ते बघा.

कृष्णाकाठ
अपेक्षाभंग, वाचून काटा आला. मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला. २०१७ चं हार्वी वादळ. चार दिवसांत ४० इंचांच्या वर पाऊस, मुंबईच्या २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता ना, इथे तसा एका दिवसात नाही पण थांबेचना.

आणि आमच्या ओळखीतली घरं नदीच्या पुराने नाही बुडाली. ह्यूस्टन शहर वाचवायला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं बांधलीत, एरवी कोरडी असतात, त्यांच्या फुगवट्याच्या जागेत सबडिव्हिजन झाल्या. पाणी मागे चढलं आणि घरात शिरलं. मी सांगलीची, फुगवटा म्हणजे काय ते २००५ मध्ये छातीएवढ्या पाण्यात शिकले होते, तरी इथे घर घेताना विचारायचं सुचलं नाही. आमचं चार गल्ल्यांनी वाचलं, अक्कल नव्हे, नशीब.

साध्या घराच्या विम्यात पूर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत घेतल्यावर लागू व्हायला साधारण ३० दिवस. आकाशात ढग बघून घ्यायची वस्तू नाही ती. पुराच्या नकाशात झोन एक्स, म्हणजे कमी धोक्याचा भाग, दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

गारठलेली
इतक्या सविस्तर प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. आता मला मिनेसोटा आवडायला लागलंय.

अळूवडी_फॅन
😂😂 हाच धाग्याचा निष्कर्ष.

पीचट्री_पाटील
अटलांटाकडून कुणी बोलेना म्हणून मी. जॉन्स क्रीकला आहे, अल्फारेटाला लागूनच. फायदे: मुलगा आठवीत म्हणालात ना, जॉर्जियात होप स्कॉलरशिप आहे, हायस्कूलला ४ पैकी ३.० सरासरी टिकवली की राज्यातल्या सरकारी कॉलेजची ट्यूशन मोठ्या प्रमाणात सुटते. जॉर्जिया टेक घरची. उत्तरेला डोंगर दोन तासांत. माती लाल, पहिल्यांदा आई आली तेव्हा विमानतळावरून येताना म्हणाली कोकणात आलो काय रे. (लाल असली तरी चिकण आहे, पाणी मुरत नाही, हापूसचं स्वप्न बघू नका.)

तोटा एकच, पण रोजचा. ट्रॅफिक. मार्टाची, म्हणजे अटलांटाच्या मेट्रोची गाडी नॉर्थ स्प्रिंग्जला संपते, पुढे तुम्ही आणि ४०० नंबरचा हायवे. रिमोट असाल तर जगाल. आणि हो, २०१४ च्या जानेवारीत दोन इंच बर्फ पडला तर अख्खं शहर रस्त्यावर अडकलं, पोरं रात्रभर शाळेत झोपली. तुम्ही मिनेसोटावाले हसाल.

गारठलेली
दोन इंच? दोन इंचाला आम्ही कोट घालत नाही.

चटका
कॉलेजचा मुद्दा निघाला म्हणून. टेक्सासमध्ये जाणाऱ्यांनी टॉप टेन पर्सेंटचा नियम समजून घ्या. राज्यातल्या हायस्कूलमध्ये वरच्या १० टक्क्यांत आलात तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश, पण यूटी ऑस्टिनसाठी आधी ६ टक्के होतं, २०२६ च्या फॉलपासून ५. आणि ज्या शाळेसाठी आपण महागाचं घर घेतो तिथे वरचे ५ टक्के म्हणजे कोण? आपल्यासारख्यांचीच पोरं, चौथीपासून क्लास लावलेली. माझी मुलगी ९७ टक्के मार्कांना पहिल्या चौथाईत कशीबशी. चुलतभावाचा मुलगा लहान गावातल्या साध्या शाळेतून आरामात आत.

"चांगल्या शाळेचं गाव" हा कॉलम उलटा पण असतो एवढंच.

एकलकोंडा
जरा वेगळं मत, शिव्या घालू नका. तुमच्या यादीतली चारही गावं एकच गाव आहे. तीच देशी दुकानं, तेच मुलांचे गणिताचे क्लास, तीच बेज रंगाची घरं. दक्षिणेत राहायला जाताय तर दक्षिणेत राहा की. आम्ही साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला आहोत. मुख्य रस्ता चालण्यासारखा, गावाच्या मधोमध धबधबा, पुलावर बाकं, संध्याकाळी लोक खरंच फिरतात. शेजारची ऐंशीची बाई पहिल्या दिवशी पीच पाय घेऊन आली. सात देशी दुकानं हवीत कशाला, महिन्यातून एकदा अटलांटाला जाऊन आणता येतं.

मोगऱ्याचा_वेल
एकलकोंडा, तुमचं तुम्हाला लखलाभ, पण घरात ७६ वर्षांच्या बाई आहेत ज्यांना इंग्रजी येत नाही (येतं का गारठलेली?). तुम्ही ऑफिसात, फोनवर, सगळीकडे बोलता. त्यांनी पीच पायवाल्या बाईशी काय बोलायचं? माझी आई अशाच एका छान टुमदार गावात आमच्याकडे चार महिने होती. खिडकीत बसून यूपीएसच्या गाडीची वाट बघायची. पार्सलसाठी नाही, माणूस हात हलवायचा म्हणून.

एकलकोंडा
...मान्य. आजींचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. माझे आईवडील तीन आठवड्यांच्या वर राहिलेच नाहीत इथे, का ते आत्ता कळतंय.

टँपाची_टपोरी
वेस्ली चॅपेलकडून दोन ओळी. हवा जानेवारीत स्वर्ग. घराचा विमा स्वर्गाचं भाडं. छपराचं वय पहिलं विचारतात, माणसाचं नंतर. सीडीडी नावाची फी (नव्या वसाहतीच्या रस्ते-पाणी वगैरे सोयींसाठीची) प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात येते ती जाहिरातीत नसते. २०२४ ला हेलीन गेलं आणि दोन आठवड्यांत मिल्टन आलं, पहिल्याचा कचरा फूटपाथवर पडलेला असताना. पण दारात आंबा आहे माझ्या. हापूस नाही, तरी आंबा तो आंबा.

चिंचगुळ
अवांतर: आंबा राहू दे, कढीपत्ता लागतो का तिकडे जमिनीत?

टँपाची_टपोरी
झाड झालंय! बारा फूट. पण राज्याबाहेर न्यायला बंदी आहे हां. संत्र्या-लिंबांना मारणारा रोग पसरवणारी बारीक कीड कढीपत्त्यावर राहते म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जिया वगैरे राज्यांतून रोप बाहेर काढता येत नाही. मैत्रिणीला रोप द्यायला निघाले होते, वेळेवर कळलं.

गारठलेली
अगंबाई, आमच्याकडे सासूबाईंचा कढीपत्ता आहे, नऊ वर्षांचा! ऑक्टोबरात कुंडी आत, मेअखेर बाहेर. हिवाळ्यात दिव्याखाली असतो, नवरा त्याला "आयसीयू" म्हणतो. मिनेसोटातून न्यायला चालेल का?

चिंचगुळ
जिथे जाल त्या राज्याच्या कृषी खात्याला मेल करा, दोन दिवसांत उत्तर देतात. मी विचारलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
धागा घरावरून कढीपत्त्यावर. आता फोडणी कोण देतंय?

परत_फिरलेला
मी देतो. आम्ही मिशिगनहून डॅलसच्या उपनगरात गेलो आणि तीन वर्षांत परत आलो. कारण कुणी हसेल. उत्तरेत हिवाळ्यात पाच महिने घरात कोंडून घ्यायचं, तिकडे उन्हाळ्यात चार महिने घरात कोंडून घ्यायचं. जूनअखेर ते सप्टेंबर १०० च्या आसपास. फरक एवढाच की बर्फात जाड कोट घालून दहा मिनिटं बाहेर पडता येतं, उन्हात काढायला किती कपडे असतात? आणि लोकांना वाटतं म्हातारी माणसं उष्ण हवेत सुखी. माझे सासरे सोलापूरचे, ते म्हणाले आमच्याकडे ऊन असतं पण दुपारी पारावर झाड असतं, इथे पार्किंग लॉट आहे. सावली बघा. तापमान नका बघू.

हिशेबनीस
आजींचं आणखी एक राहिलं, मेडिकल. ग्रीन कार्डवर पाच वर्षं झाली म्हणजे मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) विकत घेतलं असेल. त्यातला खासगी कंपनीचा ॲडव्हान्टेज प्लॅन असेल तर तो काउंटीप्रमाणे असतो, राज्य बदललं की तो संपतो आणि नवा घ्यायला ठरावीक मुदत मिळते. नव्या गावात कुठले डॉक्टर कुठल्या प्लॅनमध्ये आहेत हे घराच्या आधी बघा. आमच्याकडे उलटं झालं, घर झालं आणि हृदयाचे डॉक्टर मिळायला पाच महिने.

मोगऱ्याचा_वेल
गारठलेली, इतकी चर्चा झाली, आजींना स्वतःला विचारलंत का?

गारठलेली
विचारलं होतं पूर्वीच. "मला कुठेही चालेल" म्हणाल्या. पण तुम्ही खोदून विचारायला लावलंत म्हणून काल रात्री भाजी निवडताना परत विचारलं. बराच वेळ गवार मोडत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे घर गॅरेजातून सुरू होतं. बटण दाबायचं, गाडीत बसायचं, बटण दाबायचं. मला दारातनं बाहेर जाता येईल असं घर बघा. आणि बाहेर गेल्यावर कोणीतरी भेटलं पाह्यजे, नाहीतर मॉल काय वाईट आहे? तिथे ती कोरियन बाई रोज हात करते."

मॉलमध्ये कोरियन मैत्रीण आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

झंपी
आजी 🙏

कोथिंबीरवडी
डिसेंबरचं तिकीट रद्द केलंत का?

गारठलेली
केलं. ऑगस्टमध्ये जातोय, आजींना घेऊन. फ्रिस्को चार दिवस, कॅरी पाच. हॉटेल नाही, सबडिव्हिजनमध्येच भाड्याचं घर. टग्याभाऊ, प्लीज रागावू नका, फक्त दोनच गावं झेपतात.

टग्या_टेक्सासवाला
रागावतो कशाला, जेवायला या. एसी ७२ वर ठेवतो.

गारठलेली
वाचत असलेल्यांसाठी अपडेट. परत येऊन आठवडा झाला.

फ्रिस्को: टग्याभाऊंकडे मटण झालं, वहिनींच्या हाताला चव आहे, त्याचा कॉलम नव्हता याचं वाईट वाटलं. माणसं उत्तम. पण सकाळी साडेसहाला सासूबाई निघाल्या तेव्हाच ८३. फूटपाथ रुंद, स्वच्छ, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या मागच्या विटांच्या भिंती. अर्धा तास चाललो. भेटलं कोण तर एक लॉन कापणारा माणूस. सावली नाही. परत_फिरलेला, तुमची आठवण काढली. भाड्याच्या घरातली सगळी दारं उघडून-लावून बघितली, न्हाणीघराचं घासत होतं (ठेचाभाऊ!).

कॅरी: दमट. म्हणजे अंगाला चिकटणारं दमट, डास, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी असा पाऊस कोसळला की नवऱ्याने छत्री शोधायच्या आत संपला. सासूबाई खिडकीत उभ्या राहून खूश. त्यांना हा पाऊस माहितीचा. तिसऱ्या दिवशी त्या एकट्या ग्रीनवेवर गेल्या, तासभर आल्याच नाहीत म्हणून मी धावत गेले (बूट घालून, पन्हंताई), तर बाकावर एक तेलुगू आजी. या मराठीत, त्या तेलुगूत, आणि मधून दोघींचं मोडकं हिंदी. विषय गुडघे. दुसऱ्या दिवशी त्या आजींनी डब्यात पुलिहोरा (चिंचेचा भात) आणला.

लगेच घर घेत नाही आहोत. एक पाहिलेलं, किंमतीत बसणारं, पण क्रॉल स्पेसचे फोटो मागितल्यावर एजंट गप्प झाला. त्यामुळे वर्षभर भाड्याने, त्याच ग्रीनवेच्या जवळ, समोर दार आणि दारापुढे दोन पायऱ्या आहेत असं. शाळा कॅप झालेली आहे, मुलाला बसने २५ मिनिटं लांबच्या शाळेत जावं लागेल, तो फुगून बसलाय आणि त्याचं चूकही नाही. नवरा अजून म्हणतो की एक्सेलप्रमाणे फ्रिस्को ०.६ मार्कांनी पुढे आहे.

ट्रँगलकर
स्वागत! मार्चमध्ये गाडी झाकायचं कव्हर घ्या. आणि कढीपत्त्याचं काय झालं?

गारठलेली
मेल केलाय, उत्तराची वाट बघतेय. सासूबाईंनी तोवर बिया काढून कागदात बांधल्यात, "झाड नाही तर नाही" म्हणून. बियांचं पण विचारावं लागेल ना?

चिंचगुळ
विचारा विचारा. आधी विचारा.

बर्फातला_बटाटा
पूर्ण धागा वाचला, फार माहिती मिळाली. मी ब्लूमिंग्टनला आहे, तुमच्यापासून पंधरा मिनिटं. स्नोब्लोअर विकणार का?

गारठलेली
विकणार. पण मेमध्ये विचारा. एप्रिलचा भरवसा नाही.